भिजत पडलेले घोंगडे

आमच्या आजोबांच्या लाकडी पेटीत आल्पाकाचा एक काळा कोट असे. नाताळच्या मिस्साला, लग्नसमारंभाला आणि क्वचित कचेरीत जावयाचे झाल्यास तो बाहेर निघे, व काम होताच डांबराच्या गोळ्यांसह पुन्हा पेटीत जाऊन पडे. आल्पाका हे एखाद्या विलायती गिरणीचे नाव असावे, अशी आमची लहानपणी पक्की समजूत होती. ते एका प्राण्याचे नाव आहे हे कळावयास बरीच वर्षे जावी लागली.

दक्षिण अमेरिकेत पेरू आणि बोलिव्हिया या देशांत अँडीज पर्वताची जी उंच पठारे आहेत, तेथे सुमारे चार हजार मीटर उंचीवर हा प्राणी पाळतात. कुळाने तो उंटाचा धाकटा भाऊ. लांब मान, मोठे डोळे, अंगभर दाट मऊ लोकर. तेथील केचुआ आणि आयमारा लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले. त्याची लोकर वर्षातून एकदा कातरतात, आणि बाया रस्त्याने चालता चालता टकळीवर तिचे सूत काढतात. १८३६ साली टायटस सॉल्ट नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने लिव्हरपूलच्या गोदामात धूळ खात पडलेले या लोकरीचे गठ्ठे विकत घेतले, त्यांचे कापड विणले, आणि पाहता पाहता तो धनाढ्य झाला. आजोबांच्या कोटाचे मूळ अशा रीतीने अँडीजच्या पठारावर होते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ हे वर्ष उंटकुळातील प्राण्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा आल्पाकाचीही पुष्कळ वाखाणणी झाली.

परदेशी गेलेली आमची मुले हल्ली तेथील आल्पाकांच्या छोट्या छोट्या वाड्यांची छायाचित्रे धाडतात. घरचीच जनावरे, घरचीच लोकर, घरीच काढलेले सूत आणि घरीच विणलेली शाल. पाहून मन प्रसन्न होते. परंतु वाचकहो, असेच एक बिऱ्हाड आमच्या हुबळी-धारवाडच्या उंबरठ्यावर शतकानुशतके नांदत आले आहे, आणि त्याचे छायाचित्र कोणी कोणास धाडल्याचे आमच्या ऐकिवात नाही! ते बिऱ्हाड आहे कुरुबांचे, म्हणजे आपण ज्यांना धनगर म्हणतो त्यांच्या कानडी भावंडांचे. जनावर आहे दख्खनी मेंढी. आणि वस्त्र म्हणजे आपले घोंगडे, कानडीत कंबळी.

कुरुबांमध्ये दोन पोटभेद प्रसिद्ध आहेत: हत्तीकंकण आणि उण्णेकंकण. यातला हत्ती म्हणजे गजराज नव्हे. कानडीत हत्ती म्हणजे कापूस आणि उण्णे म्हणजे लोकर. लग्नात वधूवरांच्या मनगटी एकाकडे सुती कंकण बांधतात, दुसऱ्याकडे लोकरीचे. धाग्यावरून कूळ ओळखावे अशी ही माणसे! सोळाव्या शतकातील संतकवी कनकदास हे याच समाजातले मानले जातात. त्यांचे जन्मगाव बाड हे हुबळीहून हावेरीकडे जाताना बंकापूरच्या परिसरात लागते. इकडे कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगर बांधव भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात. कानडी काय नि मराठी काय, लोकर ही या लोकांना नुसती विकावयाची वस्तू कधीच नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आम्ही हुबळीहून राणेबेन्नूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यापासून थोडे आत, काळ्या मातीच्या एका गावी गेलो होतो. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची तेथे थोडी शेती आहे. कापूस वेचून झालेल्या त्यांच्या शेतात मेंढ्या बसविल्या होत्या. वाचकांपैकी पुष्कळांना ही चाल ठाऊक आहेच: रात्री कळप रिकाम्या रानात बसवावा, लेंडी-मुताने जमीन खतवावी, आणि शेतकऱ्याने त्याबद्दल मेंढपाळाला धान्य किंवा पैसे द्यावे. मेंढी चालती-फिरती खताची गाडी आहे, असे त्या घरचे यजमान म्हणाले, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती.

वाड्यावर पोहोचलो तेव्हा नुकते उजाडले होते. वाघुरीच्या जाळ्यात मेंढ्या दाटीवाटीने उभ्या. पलीकडे डालग्याखाली झाकलेली कोकरे आईसाठी टाहो फोडीत होती. डालगी उचलताच जो कल्लोळ झाला त्याचे वर्णन आमच्याने होणे नाही. शंभर-सव्वाशे आया आणि त्यांची लेकरे, आणि एका घटकेत ज्याची त्याला आई सापडलेली! घरधनी एका लंगड्या मेंढीचा खूर पाहत होता. सून कोकरांची मोजदाद करीत होती. नातू आयटीआयला हुबळीस असतो. तो सुट्टीला आला होता व मोबाईलकडे पाहत एका कोकराला बाटलीने दूध पाजीत होता. या सर्वांपासून थोडी दूर, बाभळीच्या सावलीत पाय लांब करून, एक म्हातारी टकळी फिरवीत बसली होती.

तिला सारे अज्जी म्हणत, म्हणून आम्हीही अज्जी म्हटले. आमचे मोडके कानडी ऐकून ती हसली व शुद्ध माणदेशी वळणाच्या मराठीत म्हणाली, "बसा की. मी जतची हाय. लगीन हून हिकडं आली, त्याला साठ वर्सं झाली." जत तालुका सांगली जिल्ह्याचा, तेथे दोन्ही भाषा एका चुलीवर शिजतात. मग काय, आमचा अर्धा दिवस त्या बाभळीखालीच गेला.

दख्खनी मेंढी दिसावयास काही देखणी नाही. बुटकी, काटक, बहुधा काळी. तपकिरी, करडी वा पांढरट क्वचित. वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात, पावसाळा सरल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडी एकदा. त्याआधी तिला ओढ्यात नाहीतर तळ्यात न्हाऊ घालतात. एवढा खटाटोप करून वर्षाकाठी एका मेंढीमागे हाती येते ती सुमारे अर्धा किलो लोकर. शिवाय ती राठ. मेरिनो या जगप्रसिद्ध मेंढीचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. आल्पाकाचाही त्याच्या आसपास किंवा थोडा जाड. दख्खनीचा तंतू मेरिनोच्या दुपटीहून जाड भरतो. त्यात काळ्या लोकरीवर दुसरा रंग चढत नाही. गिरणीवाल्यांच्या दृष्टीने ही सारी वैगुण्येच होत.

पण अज्जीच्या दृष्टीने नव्हेत. तिने कातरलेल्या लोकरीचे ढीग वेगवेगळे ठेवले होते, आणि त्यातले एक लहानसे गाठोडे उशाशी. ते जावळ, म्हणजे कोकराची पहिली कातरण. जावळाचे घोंगडे मऊ असते व त्याला मान अधिक. बाळंतिणीला, तान्ह्या पोराला तेच द्यावयाचे. बाकीच्या लोकरीतले काटे, गोखरू, कचरा हाताने वेचावा लागतो. मग धनुकलीने ती पिंजावयाची, तिचे पेळू करावयाचे आणि चरख्यावर किंवा टकळीवर सूत काढावयाचे. पूर्वी मेंढरांमागे चालणारे पुरुषही टकळी फिरवीत चालत. (पेरूतल्या त्या बायांची आम्हास येथे आठवण झाली. अज्जीला आम्ही ती हकीकत सांगितली. तिने फक्त एवढेच विचारले, "त्यांच्या जनावराला कोल्हं धरत न्हाई व्हय?")

एका घोंगड्याला दोन-अडीच किलो लोकर लागते. विणावयाला एक-दोन दिवस पुरतात. वेळ खातो तो सुताचा. अज्जी म्हणाली की घरचे काम सांभाळून एका घोंगड्याचे सूत काढावयाला आठ-दहा दिवस सहज जातात. तिच्या तरुणपणी गावात प्रत्येक घरी चरखा होता, आणि दुपारी साऱ्या गल्लीतून एकच घरघर ऐकू येई.

विणण्याआधी ताणा उघड्यावर दोन खुंटांमध्ये ताणून त्यावर खळ चढवितात. ही खळ चिंचोक्याची असते. चिंचोके भाजावयाचे, भिजवावयाचे, टरफल काढून वाटावयाचे आणि तो लगदा शिजवून कुंच्याने सुताला चोळावयाचा. त्याने राठ केसाळ सूत गुळगुळीत होते, तुटत नाही. यासाठी कडक ऊन हवे. म्हणून पावसाळ्यात माग बंद. शिवाय माग असतो जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर; विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, आणि ओल आली की खड्डाही निकामी होतो. धोटा हाताने इकडून तिकडे टाकावयाचा नि प्रत्येक बाणा फणीने ठोकून बसवावयाचा. असे ठोकून विणलेले घोंगडे हातात घेतले तर पुठ्ठ्यासारखे ताठ लागते. नवे घोंगडे टोचते ही तक्रार खरी आहे. वर्षभर वापरल्यावर ते अंगाला येते, मग पुढे कित्येक वर्षे सोडीत नाही.

या राठपणातच त्याची किमया आहे. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही. आणि ओल घेताना तो किंचित उष्णता सोडतो. त्यावर दाट वीण आणि चिंचोक्याची खळ. म्हणून घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन मेंढपाळ मलनाडाच्या पावसात दिवसभर उभा राहू शकतो. बायबलातील शास्ते या पुस्तकात गिदोनाने खळ्यात ठेवलेल्या लोकरीची कथा आपण ऐकलेली आहे. भोवतालची जमीन कोरडी, आणि लोकर मात्र दवाने अशी चिंब की पिळून वाटीभर पाणी निघाले. तो चमत्कार देवाचा होता. पण लोकरीच्या पोटात पाणी किती मावते हे त्या काळच्या शेतकऱ्यांनाही चांगलेच ठाऊक असणार. आपल्या मराठीत तर न सुटणाऱ्या प्रश्नाला भिजत घोंगडे म्हणतात. एकदा पुरते भिजले की ते लवकर वाळत नाही, आणि उचलावयालाही दोघे लागतात.

तसेच एक घोंगडे त्या दिवशी वाड्यावर भिजत पडलेले होते.

घरधन्याला माडग्याळी एडका आणावयाचा आहे. माडग्याळ हे जत तालुक्यातीलच गाव, अज्जीच्या माहेरच्या मुलुखातले. तेथील मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग, नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार. ती लवकर वाढते, वजन चांगले भरते आणि तिच्या अंगावर कातरण्याजोगी लोकर जवळजवळ नसतेच. मटणाचा भाव आज काय आहे हे वाचकांना आम्ही सांगावयाला नको. उलट लोकरीची स्थिती अशी की कातरणाऱ्याला जी मजुरी द्यावी लागते तेवढी लोकरीची किंमतसुद्धा येत नाही. न कातरावे तर मेंढी उन्हाळ्यात तळमळते, अंगावर गोचिडी-पिसवांचे रान माजते. म्हणजे खिशातले पैसे घालून कातरावयाचे आणि लोकर बांधावर टाकून द्यावयाची! आम्ही येताना वाटेत एका ओढ्याकाठी काळ्या लोकरीचे पुंजके वाऱ्यावर लोळताना पाहिले होते; ते कशाचे, याचा उलगडा आता झाला.

"मी काय चूक बोलतोय?" घरधन्याने आम्हालाच विचारले. "पोराच्या शिक्षणाला पैसा मटणातनं येतो. लोकरीतनं न्हाई."

अज्जीने टकळी थांबविली नाही. "आनलास तर आन. पर पावसात हुभं ऱ्हाईल का ते? अंगावर लोकर नसलेलं जनावर मलनाडात न्हेशील, तर ताप येऊन मरंल." मग थोड्या वेळाने, सुनेकडे पाहून: "आन् माज्या नातसुनंच्या पाळण्यात काय घालनार? प्लाष्टिक?"

सून मध्ये पडली नाही. "अत्तीचं बी खरं हाय," एवढेच ती हळू म्हणाली, आणि आमच्यासाठी चहा टाकावयास उठली.

या भांडणात न्याय कोणाच्या बाजूने द्यावा हे आम्हास उमगले नाही. लेकाचे गणित बिनचूक आहे. साऱ्या दख्खनभर मेंढपाळांनी हेच गणित मांडले आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४३ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे १ कोटी ११ लाख कर्नाटकात, आणि तेलंगण व आंध्र प्रदेशाच्या खालोखाल आपला तिसरा क्रमांक. म्हणजे मेंढ्या कमी झालेल्या नाहीत. कमी होत आहे ती अंगावर लोकर वागविणारी मेंढी. तशात लष्कराकडून राठ कांबळ्यांना जी मागणी असे ती आटली, पानिपतच्या चिंध्यांपासून केलेली स्वस्त ब्लँकेटे बाजारात आली, आणि पावसात घोंगड्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. आणि गंमत अशी की आपला देश ऑस्ट्रेलियातून मऊ लोकर विकत आणतो, आणि घरची लोकर ओढ्यात टाकतो. मऊ कपड्याला मऊ लोकर लागणार हे उघड आहे. पण बसकर, गालिचा, जाजम, घराच्या भिंतीला थंडी-उष्म्याचा अडसर, यांना मऊपणाची काय गरज?

अज्जीची शंकाही पोकळ नाही. कळप पावसाळ्यात आणि थंडीत उघड्यावर राहतो. दख्खनी मेंढी त्याला पिढ्यान्पिढ्या सरावली आहे. तिच्या पोटाला थोडके लागते आणि पायाला मैलोन्‌मैल चालण्याची सवय असते. बाहेरून आणलेल्या मोठ्या जनावराला चाराही अधिक लागतो. दोन वर्षे पाऊस नीट झाला तर लेक खरा ठरेल. एक वर्ष वाईट गेले तर आई.

हुबळीकरांना धाग्याचा अभिमान नवा नाही. हुबळीच्या बेंगेरी भागात १९५७ साली स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे; २००६ पासून मानक संस्थेच्या प्रमाणपत्राने तेथे राष्ट्रध्वज शिवले जातात, आणि ध्वज शिवणाऱ्या बहुतेक भगिनीच आहेत. धारवाडजवळचे गरग हेही ध्वजाच्या खादीसाठी नावाजलेले गाव. आमच्या माताभगिनींची कशिदाकारी, म्हणजे कसुती, आणि नवलगुंदची जमखाने यांना तर भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला आहे. पण मानाने पोट भरते असे मात्र नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून यंत्रावरील व पॉलिएस्टरच्या ध्वजांना मुभा मिळाली, आणि बेंगेरीच्या संघाला त्याची झळ पुढच्याच वर्षी लागली. जाता जाता एक गोष्ट सांगतो. मूळ ध्वजसंहितेत हातसुताच्या कापसाबरोबर लोकर आणि रेशीम यांचीही नावे आहेत. लोकरीचा तिरंगा आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

लोकरीसाठी कोणी काहीच करीत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. दख्खनी लोकरीचे गालिचे, योगासनांची आसने, थैल्या, पादत्राणे करणाऱ्या काही संस्था व तरुण कलाकार पुढे आले आहेत. २०२५ साली फ्रान्समधील अनेसी येथील चित्रपट महोत्सवात सुरेश एरियत यांच्या 'देसी ऊन' या लहानशा चलच्चित्रपटाला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. त्यातली मेंढरे आणि माणसे प्रत्यक्ष लोकरीची केलेली आहेत. राणेबेन्नूर तालुक्यातील मेडलेरी आणि चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथील कंबळ्यांचे नाव अजून टिकून आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे म्हणून ठरविले आहे. हे सारे चांगलेच आहे. आमची एकच कुरकुर आहे. शहरातील दुकानात मोठ्या किमतीला विकल्या जाणाऱ्या आसनांतून सूत काढणाऱ्या म्हातारीच्या हाती किती पडते, हे त्या दुकानात कोठे लिहिलेले नसते. पेरूच्या मेंढपाळांचेही दुखणे, ऐकतो ते, याच जातीचे आहे: लोकर जगभर मोलाची, आणि ती देणारा डोंगरावर गरीबच.

चहा झाला. नातू आमच्याजवळ येऊन बसला. त्याला आम्ही विचारले, "तुला येते का टकळी?" तो लाजला. अज्जीनेच उत्तर दिले, "लहानपनी शिकिवली हुती. हात इसरत न्हाईत." त्याने मोबाईल खिशात घातला, टकळी घेतली आणि फिरविली. पहिले दोनदा सूत तुटले. तिसऱ्यांदा हातभर निघाले, जाडेभरडे, मध्येच गाठ असलेले. अज्जीने ते बोटात धरून ताणून पाहिले, तोडले नाही, आणि आपल्याच टकळीवर गुंडाळून घेतले.

निघताना आम्ही एक घोंगडे सांगितले. आमच्या धर्मग्रामात आजारी, वृद्ध माणसे आहेत, जमिनीवर निजतात, त्यांपैकी एकाला देता येईल असा विचार होता. आगाऊ पैसे पुढे केले, तर अज्जीने हात मागे घेतला. लोकर अजून मेंढीच्या अंगावर आहे, ती म्हणाली. शिमग्याच्या सुमारास कातरणी होईल, मग सूत, मग खळ, आणि विणणारा तिचा पुतण्या शेजारच्या गावी, त्याच्या मागाचा खड्डा यंदा पावसात ढासळला आहे तो आधी नीट करावा लागेल. "पैसं नगा दिऊ. घोंगडं झालं तर निरोप धाडीन."

तोवर घरधनी मेंढ्या घेऊन निघाला होता. एडक्याचे काय ठरले, हे आम्ही विचारले नाही.